सकाळचे मोजे

माझे पाय मोठे आहेत. जाड म्हणा, भरलेले म्हणा, काय हवं ते म्हणा, मला आता त्याचं वाईट वाटत नाही. लहानपणी वाटायचं. शाळेच्या खो-खोच्या संघात मला कधी घेतलं नाही आणि का घेतलं नाही हे कोणी सांगितलंही नाही; सगळ्यांना दिसतच होतं. आईचे पाय असेच होते. तिनं ते जन्मभर साडीखाली झाकले आणि मलाही तेच शिकवलं, की साडी जमिनीला टेकली पाहिजे. पुढे मी गणिताची शिक्षिका झाले, दिवसभर फळ्यासमोर उभी राहू लागले आणि साडी जमिनीला टेकवत राहिले. साडीखाली काय चाललंय हे बघायला कोणी येत नाही, हा त्यातला फायदा. मीही बघत नव्हते, हा तोटा.

पन्नाशी उलटल्यावर डाव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, कातडी काळपट पडली. मग खाज सुटली. मग एक दिवस पेटिकोटाच्या काठावर ओला डाग दिसला आणि साडी वर करून बघते तो रुपयाएवढी जखम. दुखत फार नव्हती, पण भरतही नव्हती. ती भरायला जवळजवळ वर्ष गेलं. त्यातला बराच काळ मी पाय उंचावर ठेवून घरात पडून होते आणि माझे तास दुसऱ्याच बाई घेत होत्या. शिकवणं सुटलं तर मी कोण उरते, हा प्रश्न मला त्या वर्षी पहिल्यांदा पडला आणि त्याचं उत्तर मला अजिबात आवडलं नाही.

जखम भरली तेव्हा मी डॉक्टरीणबाईंसाठी पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "जखम भरली, पण पाय तोच आहे. आता दाबाचे मोजे. रोज सकाळी, आयुष्यभर. मोजे सुटले की जखम पुन्हा उघडेल, आणि पुढच्या वेळी इतक्यावर भागणार नाही." रक्त कमी पोचत असलेल्या पायाला हे मोजे चालत नाहीत, पण माझ्या पायाला ते नीट पोचतंय हे त्यांनी आधीच तपासून घेतलं होतं. त्यामुळे पळवाट उरली नाही.

आम्ही शहराबाहेर, मांजरी गावात राहतो. इमारत नवी आहे आणि मागे अजून थोडा ऊस शिल्लक आहे. मोजे घ्यायला आम्ही दोघं शहरात गेलो, पेठेतल्या एका दुकानात, जिथे कमरेचे पट्टे, कुबड्या असलं सामान मिळतं. दुकानदार खुर्चीतून उठला नाही. एवढ्या मापाचं येत नाही, म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही अजून माझा पाय पाहिलाच नाहीत. तर म्हणाला, पाहायची गरज नाही, पायऱ्या चढताना कळलं. बाहेर आल्यावर हे हसले. हे म्हणजे माझे यजमान. दुकानदारावरचा राग मी स्वारगेट येईपर्यंत यांच्यावर काढला.

दुसऱ्या दुकानात सगळ्यांत मोठा नंबर मिळाला. तो घोट्याशी ढिला आणि पोटरीला घट्ट. ज्यानं तो बनवला त्यानं पाय म्हणजे दंडगोल धरला होता. माझा पाय शंकूछेद आहे. दहावीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं तेच शिकवत आले, खाली अरुंद, वर रुंद. शिवाय मोजा लांबीला जास्त होता, म्हणून गुडघ्याखाली मी त्याची छान दुहेरी घडी घातली. आमच्याकडे जास्तीचं काहीही असलं की ते दुमडतात. पडदा दुमडतात, पेटिकोट दुमडतात, मुलीचा गणवेश तर पुढच्या दोन वर्षांच्या हिशेबानं दुमडलेला असायचा. संध्याकाळी मोजा काढला तर घडीच्या जागी जांभळा वळ पडलेला आणि त्याच्याखालचा पाय सकाळपेक्षा दुप्पट. डॉक्टरीणबाई वैतागल्या. दाब खाली जास्त आणि वर कमी असला पाहिजे, तुम्ही वर गाठ मारलीत, म्हणाल्या. मग त्यांनी मापाचे विणून घ्यायला सांगितलं. आणि माप घ्यायचं ते सकाळी, अंथरुणातून उठायच्या आधी, पाय खाली सोडायच्या आधी.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण लग्न झाल्यापासून आमच्या घरात माझ्या आधी कोणी उठल्याचं मला आठवत नाही. दूध, पाणी, डबे, सगळं उरकून मग मी इतरांना उठवणार. बाकीचे जागे असताना आपण आडवं पडून राहायचं, ही कल्पनाच मला लाजेची वाटली. आजारपणातही मी आधी उठून, तोंड धुऊन, मग पुन्हा आडवी होत असे. यांनी मला उठू दिलं नाही. शिंप्याकडची टेप आणली होती ती घेऊन पायथ्याशी बसले. आयुष्यभर यांनी कारखान्यात तयार मालाची मापं तपासली होती. घोट्याच्या वर, पोटरीवर, गुडघ्याखाली, असं प्रत्येक ठिकाणी दोनदा मोजलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "टॉलरन्स किती चालेल? मापात मागेपुढे किती?" मी लाथ मारायला पाय हलवला तर म्हणाले, माप चुकेल.

मोजे आले ते जाड विणीचे होते. रंग अंगाचा, असं खोक्यावर लिहिलं होतं. आमच्या घरात तसल्या रंगाचं अंग कोणाचंच नाही. माझी बोटंही सुजत होती, म्हणून ते बोटांवरून बंद होते. आणि तिथे जोडव्यांचा प्रश्न आला.

जोडवी लग्नातली. बोट वाढत गेलं तशी ती आत रुतत गेली होती आणि कडेची कातडी पांढरी पडली होती. काढावीच लागतील, असं डॉक्टरीणबाईंनी मोजे येण्याआधीच बजावलं होतं. मला त्याचं फार काही वाटलं नाही. चांदीचे दोन वेढे, त्यात नवऱ्याचा जीव थोडाच असतो. पण घरात सासूबाई होत्या.

सासूबाई लोणी काळभोरच्या. हे शाळेत पाटी घेऊन जायच्या वयाचे असताना त्यांचा नवरा गेला. लोकांच्या शेतात खुरपणी करून, भाजीच्या जुड्या बांधून त्यांनी यांना वाढवलं, शिकवलं. आता ऐंशी ओलांडली आहे, अंगावर मांस नाही, पण अजून उकिडव्या बसल्या की तासभर हलत नाहीत. मी त्यांना आई म्हणते. आमचं कधी भांडण झालं नाही आणि गळ्यात गळा घालणंही झालं नाही. त्या त्यांच्या जागी, मी माझ्या, मधे हे. एवढ्यावर आमचा संसार चांगला चालला होता.

जोडवी काढायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला. "शिकलेली मान्सं तुमी, तुमास्नी कळतंय," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा निवडायला लागल्या. हडपसरच्या सोनारानं बारीक कातरीनं दोन्ही जोडवी कापली. घरी आले तर सासूबाईंनी माझ्या पायांकडे एकदा पाहिलं. त्यानंतर त्या माझ्या पायांकडे बघत नसत.

मोजे घालणं हे एकट्याचं काम नाही, निदान माझ्या अंगाच्या बाईचं तरी नाही. पोट मधे येतं, कंबर वाकत नाही, आणि मोजा इतका चिवट की बोटांत धरून ओढला तर नखं निघतील. दोन दिवस मी हट्टानं एकटीनं करून पाहिलं आणि रडकुंडीला आले. मग हे पाटावर बसायला लागले. हातात भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे. माझी टाच यांच्या मांडीवर. आधी थोडी पावडर, मग मोजा टाचेपर्यंत उलटा करून पावलावर चढवायचा, मग तळहातांनी थोडा थोडा वर सरकवायचा, चुणी राहू द्यायची नाही. कातडी ओली असली तर मोजा चढत नाही, म्हणून माझी आंघोळ संध्याकाळवर गेली. आंघोळ न करता देवाला हात कसा लावणार, म्हणून सकाळची पूजा सासूबाईंनी न बोलता स्वतःकडे घेतली.

कोणाला पाय लागला की त्याला हात लावून नमस्कार करायचा, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. इथे तर रोज सकाळी नवऱ्याच्या मांडीवर पाय. दुसरा मोजा चढला की माझा हात आपोआप यांच्या खांद्याला लागायचा आणि मग माझ्या छातीला. हे म्हणायचे, "रोज रोज कशाला? महिन्याचा एकदम कर." मी तरी रोज करायची. आणि हे सगळं चालू असताना सासूबाई आपला चहा घेऊन गॅलरीत जाऊन पाठ करून बसायच्या. आपल्या मुलानं बायकोचा पाय मांडीवर घेतलेला कोणत्या आईला बघवेल, असं मी मनाशी म्हणायची. त्यांच्या जागी मीही गॅलरीतच गेले असते.

पाय मात्र उतरला. एका सकाळी मोजा चढवता चढवता हे थांबले आणि माझ्या घोट्यावर बोट टेकवून म्हणाले, सापडलं. घोट्याचं हाड दिसत होतं. मी ते कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी शाळेत मी विनाकारण एका वर्गाला गृहपाठ माफ केला.

हे हिवाळ्यात गेले. सकाळी नेहमीसारखे माझे मोजे चढवले, हातमोजे नळाखाली धुऊन वाळत घातले आणि फिरायला गेले. कालव्याच्या रस्त्यावर छातीत दुखून खाली बसले. लोकांनी दवाखान्यात नेलं, मला फोन आला, मी पोचले तेव्हा संपलं होतं. इतकंच. याहून जास्त मला सांगता येत नाही.

घरी आणल्यावर गावाकडच्या बायका आल्या. माझं मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. जोडवी काढायला म्हणून एका चुलत जावेनं साडीचा काठ वर केला आणि तिला मोजे दिसले. यांनीच सकाळी चढवलेले. तिनं बोटं चाचपून पाहिली आणि म्हणाली, "जोडवी आदीच काढल्यात की." सगळ्या बायकांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.

बंगळुरूहून मुलगी आली. ती होती तोवर मोजे तिनं घातले, चुकतमाकत. जाताना मला बरोबर चल म्हणाली. मी शाळेचं कारण सांगितलं, आणि सासूबाई मांजरी सोडून राहणार नाहीत हेही खरंच होतं. मग एखादी बाई लाव, म्हणाली. लावते म्हटलं.

मी बाई लावली नाही. दुसऱ्या कोणाच्या मांडीवर पाय ठेवायचा मला विचार करवेना. आणि खरं सांगायचं तर मला त्या मोज्यांचा राग आला होता. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींमधली पहिली ही दुसरीचं कारण असतेच असं नाही, हे गणिताच्या बाईला कोणी शिकवायला नको. पण सकाळी जाग आली की माझ्या डोक्यात एकच यायचं: घोटा सापडला आणि माणूस गेला. जावेचं वाक्य तिच्या आवाजात ऐकू यायचं. त्याहून जास्त ऐकू यायचं ते सासूबाईंचं काही न बोलणं. आम्ही दोघी बोलत होतो, नाही असं नाही. तांदूळ संपत आलेत, गॅस आला का, दार लावून घे. त्यांच्या डोळ्यांत बघायचं धाडस मला होत नव्हतं, कारण तिथे काय दिसेल याची मला खात्री होती.

मोजे कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेले. मी शाळेत जाऊ लागले, उभी राहू लागले, साडी पुन्हा जमिनीला टेकली. मुलीला फोनवर, हो, घालते, असं सांगत होते. काही आठवड्यांत पाय पूर्वीसारखा झाला. मग त्याच जागी कातडी चमकायला लागली, मग खाज. पुढे काय येणार हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी काही केलं नाही. कशासाठी करायचं, असं वाटायचं.

आमच्याकडे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या सासूबाई घालतात. एका संध्याकाळी मी वह्या तपासत होते आणि त्या पलंगाच्या कडेला बसून घड्या घालत होत्या. मग माझा पेटिकोट त्यांच्या हातात आला. काठावरचा डाग धुऊनही गेला नव्हता. त्यांनी तो अंगठ्यानं चोळून पाहिला, घडी घातली आणि ठेवून दिला. मी वहीतलं डोकं वर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती कपाट उघडल्याच्या आवाजानं. सासूबाई पलंगाशी आल्या. हातांत ते पिवळे हातमोजे, यांच्या मापाचे, त्यांच्या हातांवर लोंबत होते. काखेत मोजे, दुसऱ्या काखेत पावडरचा डबा. मी घाईनं उठायला लागले.

"उठू नगंस," त्या म्हणाल्या. "पाय दे हिकडं."

मी नको म्हटलं. आई, तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा नाही, असं कुठे असतं का, असं बरंच काही म्हटलं. त्यांनी फरशीवर पाट घेतला, त्यावर बसल्या आणि माझी टाच धरून आपल्या मांडीवर ओढली. जखमेकडे त्यांनी नीट पाहिलं. ती अजून लहान होती. पट्टी कुठे ठेवली आहे ते विचारून घेतलं, आणली, मी ती वाकडीतिकडी बांधली, आणि मग त्या मोज्याला लागल्या.

पहिल्यांदा टाच पुढे आली. पुन्हा काढावा लागला. दुसऱ्यांदा पोटरीवर पीळ पडला. मी पलंगावरून सांगायला लागले, आधी उलटा करा, तिथेच थांबा, आता तळव्यानं, बोटांनी नाही. वर्गात बोलते तसा आवाज लागला होता माझा, आणि त्या मुकाट्यानं तसं करत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला. पण पावडर आधी लावायची, हातमोजे घालायचे, चुणी राहू द्यायची नाही, हे मी सांगण्याआधीच त्यांना ठाऊक होतं. गॅलरीत पाठ करून बसलेल्या बाईला ते कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही.

डावा मोजा गुडघ्याखाली पोचला. त्यांनी उजवा पाय मांडीवर घेतला, बोटांवरून हात फिरवला, आणि जिथे जोडव्यांचे वळ अजून आहेत तिथे तो हात थांबला. मान वर न करता त्या बोलल्या.

"म्या तर एक दिस बी काढली न्हवती जोडवी. ऱ्हायला का तुझा सासरा?"

हे गेल्यापासून मी लोकांसमोर रडले होते, मुलीसमोर रडले होते, पण ते रडणं वेगळं होतं. आता मी तोंडावर चादर घेऊन हमसून हमसून रडले. सासूबाईंनी मला गप्प केलं नाही. त्या उजव्या मोज्याशी झटत राहिल्या. तोही एकदा चुकला, पुन्हा काढला, पुन्हा चढवला. बाहेर आमच्या इमारतीतल्या मुलांच्या शाळेच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. त्या दिवशी माझा पहिला तास बुडाला, आणि दुसऱ्या तासाऐवजी मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बोलणी खाल्ली.

पण ते नंतर. उजवा मोजा वर पोचला, त्यांनी दोन्ही पायांवरून हात फिरवून चुण्या तपासल्या आणि हातमोजे काढले. सवयीनं माझा हात त्यांच्या खांद्याकडे गेला, नमस्कार करायला. त्यांनी तो मधेच मनगटाशी घट्ट धरला.

"नमस्कार ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आदी मला उठीव."

मी पाय खाली सोडले, जमिनीवर नीट उभी राहिले आणि त्यांना उठवलं.